दोनशे तेरावी ओळ

सुखदेव रामटेके त्या दुकानात शिरला तो पाणी प्यायला. प्रेमात पडायला नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे विश्रांतवाडीत या गोष्टीच्या ज्या सतरा आवृत्त्या निघाल्या, त्यातल्या निम्म्यांत पोरगा ठरवूनच आला होता असं सांगतात. साफ खोटं. तो तहानेनं आला होता.

दोन हजार तीन सालचा मे महिना. ऊन असं, की आळंदी रस्त्यावरचा कलिंगडवाला दुपारी फोडी कापायचा आणि चारच्या पुढे त्यांचाच मुरंबा विकायचा. सुखदेव खिशात फ्लॉपी घालून विहारात आला होता. ज्यांना भेटायचं ते ओव्हाळकाका नव्हते आणि विहाराचा नळ कोरडा होता. समोर पाटी दिसली — ‘सक्षम संगणक केंद्र. टायपिंग, झेरॉक्स. फाईल बदलून मिळेल.’ आणि खाली, वेगळ्या अक्षरात — ‘विचारल्याशिवाय माऊस हलवू नये.’

“पाणी मिळेल का जी?”

काउंटरमागच्या मुलीनं मान वर केली. म्हणजे फक्त मान. डोळे अजून पडद्यावरच होते; ते सावकाश, मागाहून आले. सुखदेवला वाटलं, पंखा थांबला. पंखा खरोखरच थांबला होता, वीज गेली होती. पण ते त्याला फार उशिरा समजलं.

“माठ तिकडं आहे,” ती म्हणाली. “पेला धुऊन उपडा ठेवायचा.”

त्यानं दोन पेले पाणी प्यायलं, पेला धुतला, उपडा ठेवला. आता निघायला हवं होतं. पण पाय...

“एक प्रिंट मारून मिळेल का? फ्लॉपी आहे माझ्याजवळ.”

“वीज आली की.”

“थांबतो मी.”

“पाटी वाचलीत ना? थांबा. पण काही हलवू नका.”

पंचवीस मिनिटं सुखदेवनं काहीही हलवलं नाही. त्याचा डावा पाय तेवढा आपोआप हलत होता.

वीज आल्यावर तिनं फ्लॉपी घातली, फाईल उघडली, आणि खुदकन हसली. मग ओठ मिटून घेतले. मग पुन्हा हसली.

“काय आहे हे?”

“विहाराचा वधू-वर परिचय मेळावा आहे ना, बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी. त्याची पुस्तिका छापायची आहे. दोनशे बारा मुलंमुली. सगळे अर्ज मी टाइप करून राहिलो... म्हणजे केले.”

“करून राहिलात की केले?”

“केले जी.”

“कुठले तुम्ही?”

“भंडाऱ्याचा. इथं कल्याणीनगरला कंपनीत आहे. अमेरिकेतला डेटा भरतो.”

“अमेरिकेचं कसं चालतं कोण जाणे,” ती म्हणाली आणि तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. “हे बघा. या मुलाचं शिक्षण आहे भीमनगर. पगार विश्रांतवाडी. आणि उंची बी.कॉम.”

सुखदेव बघत राहिला.

“ही स्वल्पविरामांची फाईल आहे,” ती सांगू लागली, एखाद्या मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं. पण आवाजात गुदगुल्या होत्या. “हिच्यात रकाने-बिकाने काही नसतात. नुसता मजकूर. एक गोष्ट संपली की स्वल्पविराम, मग दुसरी. एक्सेलला स्वल्पविराम दिसला की ते नवा रकाना पाडतं. आणि तुम्ही पत्त्यात टाकलेत चार-चार स्वल्पविराम.”

“पत्त्यात लागतेतच ना ते.”

“लागतात. पण मग अख्खा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत बंद करायचा. नाहीतर पत्ता सरकतो आणि पुढच्या सगळ्यांना ढकलतो. पीएमटी बसच्या दारात होतं तसं... आणि हे तर बघाच. सगळ्या मुलांचा फोन नंबर एकच!”

खरंच. फोनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर होता — 9.19822E+11. मधूनच एखाद्यात बावीसच्या जागी तेवीस. बाकी सगळे सारखे.

“नंबरापुढं एक्क्याण्णव कुणी लावलं?”

“मीच. कंपनीत सवय आहे... देशाचा कोड लागतो.”

“विश्रांतवाडीतून खडकीला फोन लावायला देशाचा कोड?”

“परदेशातलं स्थळ आलं तर...” तो चाचरला.

“बारा आकडे झाले की एक्सेल त्यांची अशी घडी घालतं. नुसतं उघडून बघितलं असतंत तरी चाललं असतं. पण बंद करताना त्यानं विचारलं असेल, बदल ठेवायचे का?”

“विचारलं.”

“मग?”

“हो म्हटलं. इतक्या आपुलकीनं कुणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं?”

आता मात्र ती तोंडावर हात घेऊन हसली. आणि सुखदेवला, दोनशे बारा लोकांचे फोन नंबर बुडवल्याबद्दल, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या चुकीचा अभिमान वाटला. पण क्षणभरच.

“ओव्हाळकाका मला सोलून काढतील,” तो म्हणाला.

“कोण ओव्हाळकाका?” तिनं अगदी साळसूदपणे विचारलं.

“समितीचे सचिव. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेत. कडक माणूस. गेल्या वर्षी यादी हातात आल्या आल्या एका कार्यकर्त्यानं सात मुलींना परस्पर फोन केले. म्हणून यंदा माझ्याकडून शपथ घेतली. विहारात, मेणबत्ती लावून! मेळावा संपेपर्यंत यादीतल्या एकाही मुलीला स्वतःसाठी विचारायचं नाही.”

“घेतलीत?”

“न घेऊन सांगता कुणाला? मिशा पाहिल्या नाहीत तुम्ही त्यांच्या. फॅक्टरीचा भोंगा म्हणे त्या मिशांना भिऊन वेळेवर वाजायचा.”

“हो का? आणखी काय काय म्हणतात लोक त्यांच्याबद्दल?”

तेवढ्यात दारात सावली पडली. सावलीलाही मिशा होत्या.

“जया,” दत्तोबा ओव्हाळ आत येत म्हणाले, “डबा घरीच विसरलीस.”

सुखदेव माठाकडे गेला आणि त्यानं तिसरा पेला प्यायला.

जयानं मात्र त्याला वाचवलं. मिशांचं काही सांगितलं नाही. फाईल बिघडली आहे आणि सगळ्या अर्जांवरून नव्यानं तपासावी लागेल, एवढंच सांगितलं. दत्तोबांनी सुखदेवकडे असं पाहिलं की त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली.

“अर्ज कपाटात आहेत. आणून देतो,” ते म्हणाले. “रोज सहा ते आठ बसा. एकानं वाचायचं, एकानं भरायचं. शटर पूर्ण वर. आणि रामटेके, शपथ लक्षात आहे ना?”

“आहे काका. यादीतल्या एकाही मुलीला नाही.”

म्हणताना त्याच्या मनात आलं — ही यादीत नाही. आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तीन वाजल्यापासून तो घड्याळ बघू लागला. टेबलाखाली त्याचे पाय एवढे हलायचे की शेजारच्याच्या पडद्यावरची अक्षरं थरथरायची. खालच्या मजल्यावरच्या शिपायानं तर दोनदा सगळ्यांना बाहेर काढलं, भूकंप म्हणून. पावणेसहाला तो विश्रांतवाडीत. सहापर्यंत समोरच्या फुटपाथवर उगाच येरझारा. सहाला एक मिनिट कमी असताना आत.

“आलात?” जया घड्याळाकडे न बघता म्हणायची.

“आत्ताच येऊन राहिलो.”

“पाव तास येऊन राहिलात. कलिंगडवाला विचारत होता, हा माणूस सीआयडीचा आहे का?”

तिनं आधी फाईलचं नाव बदललं. शेवटचं ‘सीएसव्ही’ काढून ‘टीएक्सटी’ केलं.

“आडनाव बदललं की ती गुपचूप सासरचं ऐकते,” ती म्हणाली. “नाहीतर थेट उघडली की एक्सेल तिचं काही ऐकूनच घेत नाही, स्वतःच ठरवतं. आता कसं, आत घेताना ते प्रत्येक रकान्याबद्दल विचारील. फोनचा रकाना मजकूर म्हणायचा, म्हणजे शून्य खाणार नाही, घडी घालणार नाही. जन्मतारखेला सांगायचं, आधी दिवस, मग महिना. नाहीतर तीन जुलैची मुलगी सात मार्चची होते.”

“चार महिन्यांनी मोठी.”

“आणि तेवढ्यावरून लग्न मोडतं आपल्याकडे.”

मग काम सुरू व्हायचं. तो वाचायचा, ती भरायची. मधे काउंटरची लाकडी फळी, तिच्यावर अर्जांचा ढीग, ढिगावर उडू नये म्हणून डब्याचं झाकण. टोनरचा गरम वास, बाहेरून येणारा भाजलेल्या कणसाचा. वाचता वाचता त्याची नजर कागदावरून घसरायची... तिच्या मनगटापाशी अडखळायची... परत कागदावर.

“अर्ज छप्पन्न,” तो वाचायचा. “अपेक्षा : मुलगी उंच, गोरी, नोकरी करणारी, पण घर सांभाळून करणारी.”

“आणि मुलगा?”

“पाच फूट दोन. नोकरीच्या शोधात.”

“मुलगी उंच कशाला हवी? माळ्यावरचे डबे काढायला?”

“अर्ज एकसष्ट. मुलगी लिहिते — मुलगा निर्व्यसनी असावा, घोरणारा नसावा.”

“हे कसं तपासणार पण?” जया म्हणाली आणि दोघांची नजर एकदम भेटली. ती खाली बघून भराभर टाइप करू लागली. त्या ओळीत नंतर चार चुका सापडल्या.

नंबर वाचताना सुखदेवच्या आवाजात भंडारा उतरायचा. अठ्ठ्याण्णव... बावीस... असं जोडीजोडीनं, मधे श्वास घेऊन, जणू शेतात पेरत चाललाय.

“परत वाचा,” ती म्हणायची.

तो परत वाचायचा.

“शेवटचे दोन?”

“चौसष्ट.”

“परत?”

“ऐकायला कमी येऊन राहिलं का जी तुम्हाला?”

“येतंय,” ती म्हणायची. “तुम्ही आकडे छान वाचता, एवढंच.” आणि चेहरा असा कोरा, की ती चेष्टा करतेय की काय, हे त्याला खडकीला कॉट बेसिसवरच्या, म्हणजे नुसती एक कॉट भाड्यानं घेतलेल्या, खोलीत परत जाईपर्यंत कळायचं नाही. तिथं गेल्यावरही नाही. तो कुशीवर वळायचा, पुन्हा वळायचा. चौथ्या दिवशी शेजारच्या कॉटवाल्यानं त्याला स्पष्ट सांगितलं, एक तर त्या मुलीला विचार नाहीतर कॉटला तेल घाल.

शुक्रवारी वीज गेली. यूपीएस कोकलायला लागला; त्याची ताकद चार मिनिटांची. “सेव्ह करा, सेव्ह करा!” म्हणत सुखदेवनं माऊसवर हात टाकला. जयाचा हात आधीच तिथं होता. फाईल सेकंदात सेव्ह झाली. पण उरलेली पावणेचार मिनिटं दोघांनाही हे कळलं नाही. यूपीएस बोंबलून बोंबलून गप्प झाला.

“पाटी वाचली नाहीत तुम्ही,” अंधुक उजेडात ती हळूच म्हणाली.

“हलवला नाही मी माऊस,” तो म्हणाला. “नुसता... धरला.”

ठरलं. उद्या, शनिवारी, शेवटचा अर्ज भरून झाला की विचारायचं. सुखदेवनं वाक्यही तयार केलं. बसमध्ये ते सात वेळा म्हणून पाहिलं, आठव्यांदा कंडक्टर म्हणाला, “माझं लग्न झालंय, पुढं सरका.”

शनिवारी पावणेआठला दोनशे बारावा अर्ज संपला. जयानं खुर्ची मागे सारली, केस कानामागे घेतले. सुखदेवनं घसा खाकरला.

“जया, मला एक—”

“संपलं का?” दारातून आवाज आला. दत्तोबा. हातात एक कागद. “एवढा एक राहिलाय. तोही घ्या. दोनशे तेरा.”

ते कागद ठेवून, उभ्या उभ्या माठातलं पाणी पिऊन, बाहेर कलिंगडवाल्याशी भाव करायला गेले. सुखदेवनं कागद उचलला. अक्षर दत्तोबांचं, फॅक्टरीच्या नोटीससारखं ताठ.

“वाचा,” जया म्हणाली. तिचा चेहरा पडद्याकडे होता.

“नाव...” तो थांबला. “जया दत्तोबा ओव्हाळ.”

कळफलक दोन क्षण गप्प. मग टक टक टक.

“पुढं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पुढं वाचा, सुखदेव.”

त्यानं वाचलं. जन्मतारीख, शिक्षण, उंची. मग, “अपेक्षा : सरकारी नोकरी. पुण्यात स्वतःचं घर.” त्याची नोकरी दर सहा महिन्यांनी नव्यानं सही होणारी. घर म्हणजे एक कॉट, तीही कुरकुरणारी. आणि शपथ, ती तर आता कुलपासारखी बसली. आठवडाभर ती यादीत नाही म्हणून तो मोकळा होता. आता तोच एकटा बांधलेला. आणि दोनशे पुस्तिका छापल्या की पुण्यातली सगळी पोरं मोकळी.

“नंबर,” ती म्हणाली.

त्यानं वाचला. जोडीजोडीनं. या वेळी तिनं परत वाचायला सांगितलं नाही.

“मगाशी काहीतरी म्हणत होतात.”

“काही नाही...” सुखदेव म्हणाला. “पाणी मागत होतो.”

सोमवारी फाईल प्रेसला द्यायची होती. प्रेस खडकी बाजारात, मालक मच्छिंद्र. ज्याला गिऱ्हाईक आलेलं आवडायचं नाही आणि गेलेलं तर त्याहून नाही.

“इथं बसा. उघडून खात्री करा. नंतर चूक निघाली तर मला सांगायला येऊ नका,” असं म्हणून तो चहाला गेला.

सुखदेवनं फाईल उघडली. सगळं जागच्या जागी. पत्ते पत्त्यांत, पगार पगारात. खाली गेला, आणखी खाली. दोनशे तेरावी ओळ. दहा आकडे, अगदी उघडे, कुणीही बोट ठेवून फोन लावावा असे.

आता जे झालं ते त्याच्या बोटांनी केलं. तो चौकोन ‘मजकूर’ होता, तो ‘सर्वसाधारण’ केला. दहा आकड्यांच्या पुढं एक्क्याण्णव लावलं. एंटर.

नंबरानं स्वतःची घडी घातली. 9.19822E+11. आत सगळे आकडे जसेच्या तसे. बाहेरून मात्र कुणाला काही कळायचं नाही. सुखदेव त्याच्याकडे बघत बसला. आठवडाभर त्याचीही अवस्था नेमकी तीच होती.

यंत्रानं विचारलं, बदल ठेवायचे का? त्यानं हो म्हटलं. याही वेळी.

मंगळवारी प्रूफ जयाकडे गेलं. सुखदेवला जेवण जाईना. ती बघणार. ती तर स्वल्पविरामाची सावलीसुद्धा पकडते. बघितलं की फोन करील, काय हो रामटेके, पुन्हा तेच? आणि मग काय सांगायचं? बुधवारी प्रूफ परत प्रेसवर आलं. त्यानं धावत जाऊन शेवटचं पान उलटलं आणि फक्त फोनचा रकाना पाहिला. नंबर घडी घातलेला, तसाच. कोपऱ्यात निळ्या शाईत — ‘तपासले. ज.’

सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती चुकली होती. आयुष्यात एकदा तिची नजर चुकली, आणि त्याचा फायदा त्यानं घेतला होता! ज्यानं सात मुलींना फोन केले तो निदान विचारत तरी होता. यानं तर विचारायचं दारच बंद केलं, तेही तिला न सांगता. गुरुवारी तो दोनदा विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढला आणि दोनदा एक थांबा आधीच उतरून परत फिरला. शुक्रवारी पुस्तिका छापून झाल्या. शनिवारी त्यानं कॉटला तेल घातलं; तरी ती कुरकुरत होती, कारण कुरकुरत होता तो स्वतः.

रविवारी सभागृह गच्च. पंखे फिरत होते, पण वारा पहिल्या रांगेतल्या मामालोकांनीच अडवून ठेवला होता. एकेक जण माइकवर येऊन ओळख करून देत होता. साडेचारला जया आली. मोरपंखी साडी, हातात घड्याळ, बस.

“मी जया दत्तोबा ओव्हाळ. संगणक केंद्र चालवते. बाकीचं पुस्तिकेत आहे,” एवढं म्हणून ती उतरली.

सभागृहात एकदम पानांची फडफड झाली. इतकी, की म्हणे बाहेरची कबुतरं उडाली.

पाचला मेळावा संपल्याचं जाहीर झालं. पाच वाजून पाच मिनिटांनी समितीच्या टेबलापाशी अकरा मुलगे आणि तीन आया उभ्या होत्या, सगळ्यांचं शेवटचं पान उघडलेलं.

“हा कुठला नंबर हो काका? लागतच नाही.”

दत्तोबांनी चष्मा लावला. पान बघितलं. चष्मा काढला.

“रामटेके!”

सुखदेव पुढे आला. मागून जयाही आली, पर्समध्ये काहीतरी शोधत.

“दोनशे बारा नंबर बरोबर,” दत्तोबा म्हणाले. “माझ्याच मुलीचा तेवढा दुरुस्त करायचा राहिला?”

‘हो’ म्हटलं की झालं होतं. आठवडाभर हलणारा त्याचा डावा पाय पहिल्यांदाच थांबला.

“राहिला नाही काका,” तो म्हणाला. “ठेवला.”

“म्हणजे?”

“दुरुस्त होता. मीच बिघडवला, प्रेसमध्ये. शपथ न विचारण्याची होती, ती मी पाळली. पण दुसऱ्या कुणी विचारू नये अशी सोय केली. ते चुकलं... यांच्या नकळत केलं, ते जास्त चुकलं.” त्यानं खिशातून पेन काढलं. त्या अकरा मुलांकडे बघितलं. “द्या पुस्तिका. मी बरोबर नंबर लिहून देऊन राहिलो सगळ्यांना.”

त्यानं पहिली पुस्तिका हातात घेतली. अठ्ठ्याण्णव लिहिलं. बावीस लिहिलं.

“थांबा,” जया म्हणाली.

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. प्रूफचं शेवटचं पान. तिनं प्रेसमधून मागून आणलं होतं. दोनशे तेराव्या ओळीच्या सुरुवातीला निळ्या शाईची छोटीशी खूण. बरोबर आहे, अशी.

“आबा, प्रूफ कुणी तपासलं होतं?”

“तू.”

“मग?”

सुखदेवच्या हातातलं पेन तसंच राहिलं. “तुम्ही... पाहिलं होतं?”

“विश्रांतवाडीत नंबरापुढं एक्क्याण्णव लावणारा माणूस एकच आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं, निदान बुधवारी तरी येऊन विचारील. गुरुवारी तर दोन बस बघितल्या मी दुकानातून. कलिंगडवाला म्हणाला, सीआयडी अर्ध्यातच उतरला.”

दत्तोबांनी पुन्हा चष्मा लावला. “आणि हे काय? अपेक्षा : आकडे मोठ्यानं वाचता येणारा. मी तर सरकारी नोकरी लिहिली होती!”

“ती चूक होती, आबा. दुरुस्त केली.”

सुखदेवनं झडप घालून पान ओढलं. निळ्या शाईतली दुरुस्ती. आणि पुस्तिकेतही तेच, दोनशे प्रतींत, काळ्या अक्षरात. बुधवारपासून ते त्याच्या समोर होतं, आणि तो फक्त फोनचा रकाना बघत बसला होता.

अकरांपैकी नऊ मुलगे हळूच पांगले. दोघं थांबले, एकाला नीट समजलं नव्हतं आणि दुसऱ्याला समजूनही मजा बघायची होती.

दत्तोबांच्या मिशा काही वेळ ताठ होत्या.

“नोकरी कायम आहे का?”

“नाही काका.”

“घर?”

“खडकीत. एक कॉट.”

“मग आहे तरी काय तुझ्याकडं?”

सुखदेवनं जयाकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेवर नखानं रेघ ओढत होती... वर बघत नव्हती... पण कान इकडे.

“यांचा नंबर पाठ आहे,” तो म्हणाला.

“दोनशे पुस्तिका छापल्या आम्ही,” दत्तोबा सावकाश म्हणाले, “आणि नंबर कळला एका माणसाला. पुढच्या वर्षी तुला समितीत घेत नाही.”

“शपथ पाचला संपली ना काका?”

दत्तोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. मिशीचं एक टोक तेवढं किंचित खाली आलं.

सुखदेवनं मोबाईल काढला. एकेक कळ दाबत, ओठातल्या ओठात, जोडीजोडीनं...

“मोठ्यानं,” जया म्हणाली.

“अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला. “बावीस...”

शेवटच्या जोडीपर्यंत पोचला तेव्हा सभागृहातल्या सतरंज्या गुंडाळणारेही थांबले होते. मग तिच्या पर्समध्ये घंटी वाजली. एकदा. दोनदा. तिनं पर्स छातीशी धरली, आणि तशीच उभी राहिली, ऐकत.

“अगं उचल की,” दत्तोबा म्हणाले. “किती वेळ वाजत ठेवणार आहेस?”